राणीचा बाळ, माझा बाया

रडताना पदर डोळ्याला लावायचा नाही, ओठाला लावायचा, हे मला पोस्टातल्या एका कारकुनाने शिकवलं. डोळ्याला लावला की काजळ पसरतं आणि पुढच्या प्रवेशात राणी कोळसेवाली दिसते. ओठाला लावला की रंग शाबूत राहतो, शिवाय बाई रडू आवरते आहे असंही पाहणाऱ्याला वाटतं. हे गृहस्थ जळगावच्या आमच्या हौशी नाटकमंडळीत कितीतरी वर्षं बायकांची कामं करत होते. नाटक जवळ आलं की मिशा काढायचे आणि महिनाभर पोस्टाच्या खिडकीत तोंडावर रुमाल धरून बसायचे. मी मंडळीत आले आणि त्यांची नायिकेची कामं गेली. दुसरा कुणी फुगून बसला असता. यांनी उलट मला बाईसारखं चालायला शिकवलं. मी जन्माची बाई, पण रंगमंचावर म्हणे मी बैलगाडीमागून निघाल्यासारखी चालायचे.

आता वय झाल्यावर लोक हार घालतात आणि विचारतात, संगीत नाटकाने तुम्हाला आयुष्यात काय शिकवलं? मी काहीतरी गुळगुळीत बोलून मोकळी होते. खरं शिकले ते एवढंसं आहे आणि ते हार घालून घेताना सांगण्यासारखं नाही.

स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झाली होती. माझं माहेर यावलकडचं, केळीवाल्यांचं. सासर धुळ्याचं, शिकलेलं. यजमान जळगावला कचेरीत कारकून, त्यामुळे आमचं बिऱ्हाड जळगावात. आमच्या माहेरच्या बोलीत ळ नाही. त्याच्या जागी य. केळीला आम्ही केयी म्हणतो, डोळ्याला डोया, आणि ज्या गावात मी नांदायला आले त्या गावाला जयगाव. यजमानांना याची मोठी गंमत वाटायची. शुद्ध बोलण्याचा त्यांना अभिमान होता, पण माणूस रागवणारा नव्हता. मी 'दूध उतू गेलं, सगळं जयालं' म्हटलं की हातातलं वर्तमानपत्र खाली करून म्हणायचे, "ही जया कोण?"

मुलगा झाला तेव्हा मी त्याला 'बाया' म्हणायला लागले. बाळ म्हणजे आमच्याकडे बाय, हाक मारताना बाया. माझ्या आईने मला, तिच्या आईने तिला असंच म्हटलेलं. तेव्हा मात्र यजमानांनी जरा नेटाने सांगितलं, "बाळ म्हण गं. तू म्हणशील तसं तो शिकेल आणि उद्या शाळेत पोरं हसतील त्याला." बारशाला धुळ्याच्या सासूबाईंनी भारदस्त नाव ठेवलं होतं, ते कुणाच्याच तोंडी बसलं नाही. घरात ते बाळ म्हणायचे, मी बाया. पोर दोन्हीला मान वळवायचं.

अकरा महिन्यांचा होऊन गेला. तीन दिवस ताप होता. चौथ्या दिवशी सकाळी बाया नव्हता.

मला रडू आलं नाही. मी दाबलं नाही, गिळलं नाही, आलंच नाही. वाईट वाटत होतं का, असं कुणी विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं की नाही, काहीच वाटत नाही. भाकरी थापायचे, पाणी भरायचे. भाजीत मीठ घातलं की नाही ते आठवायचं नाही म्हणून पुन्हा घालायचे आणि यजमान न बोलता खायचे. हात भाजला तरी तो दुसऱ्या कुणाचा असावा तसं मी त्याच्याकडे बघत राहायचे.

घरात सगळ्यांना घोर लागला तो माझ्या न रडण्याचा. बाई रडली नाही की दुःख डोक्यात जातं आणि तिला वेड लागतं, ही आमच्याकडची पक्की समजूत. आई माहेरहून धावत आली आणि पंधरा दिवस राहिली. मला रडवण्यासाठी तिने काय नाही केलं! गळ्यात पडून ओरडली, स्वतःची छाती बडवून घेतली.

"रड व माय, रड. मोकयी व्हय. असं कोरडं ऱ्हाऊ नोको."

शेवटी तिने पेटीतून पोराचं झबलं काढलं आणि माझ्या मांडीवर टाकलं. मी त्याची घडी घातली. आई माझ्याकडे बघतच राहिली, मग तोंडात पदर कोंबून बाहेर गेली. सासूबाई आल्या, त्यांनी वेगळ्या तऱ्हेने प्रयत्न केला. शेजारणींनी केला. काही दिवसांनी त्याच शेजारणी नळावर म्हणायला लागल्या की काळजाची फार घट्ट दिसते. मला त्याचाही राग आला नाही.

यजमान तिसऱ्या दिवसापासून कचेरीत जायला लागले होते. संध्याकाळी आले की टोपी खुंटीला लावता लावता माझे डोळे बघायचे. सुजलेत का, लाल झालेत का. नसायचे. मग हातपाय धुवायला जायचे. रोज हेच. असं वर्ष गेलं.

मला नाटकात घातलं ते त्यांनीच. ते मंडळीत पडदा ओढायचे. गळा नाही, पाठांतर नाही, पण नाटकाचं वेड असणाऱ्या माणसाला तेवढं एकच काम उरतं, आणि ते ते देवपूजेसारखं करायचे. माझा गळा त्यांना माहीत होता, जात्यावर ऐकलेला. मंडळीचे मास्तर शाळेत मराठी शिकवायचे. नाटक तेच लिहायचे, बसवायचे, चाली लावायचे आणि खेळाच्या दिवशी विंगेत बसून सगळ्यांची वाक्यंही तेच पुरवायचे. यजमान त्यांना म्हणाले, हिला घ्या. मला म्हणाले, "जाशील का? घरात बसून तरी काय करतेस?" मी बरं म्हटलं. तेव्हा मी कशालाही बरंच म्हणायचे. घरंदाज बाईने तोंडाला रंग लावायचा म्हणजे गावात चर्चा होणार, ती झाली. सासूबाईंनी धुळ्याहून एवढंच कळवलं की तिच्या डोळ्यांतून पाणी निघणार असेल तर नाचायलाही पाठवा.

मास्तरांनी लिहिलेलं नाटक असं होतं: राजाचा गैरसमज होतो, तो राणीला वनात धाडतो, तिथे तिचं तान्हं बाळ जातं. राणी मुलाला मांडीवर घेऊन विलाप करते. शेवटी देव प्रकट होतो आणि बाळ जिवंत होतं, राजाही शुद्धीवर येतो. कथा वाचून दाखवताना मास्तर तिथवर आले, थांबले, आणि पायपेटीवाल्याकडे बघायला लागले. मी काय म्हणते याची सगळे वाट बघत होते. मी विचारलं, "पद कुठल्या पट्टीत आहे?"

विलापाचं पद 'कुठे शोधू तुला बाळा' असं सुरू व्हायचं. पहिल्या तालमीला मी झोकात सूर लावला आणि गायले, 'कुठे शोधू तुला बाया.' पायपेटी बंद पडली. तबलजी तोंड लपवून खोकायला लागला. राजाचं काम करणारे वकिलाचे लेखनिक म्हणाले, "बाया शोधायला वनात कशाला जायला हवं? मागच्या खोलीत चहा करतायत." सगळे पोट धरून हसले. मीही हसले. म्हणजे तोंड तसं केलं.

मास्तर मात्र हसले नाहीत. त्यांच्या नाटकात सगळ्यात करुण जागी श्रोते हसले तर त्यांनी बिचाऱ्यांनी जावं कुठे? त्यांनी माझा ळ हाती घेतला. जीभ उलटी कर, टाळूला लाव, सोड. काळा, माळा, टाळा, बाळा. मी चुलीपुढे म्हणायचे, नळावर म्हणायचे. यजमान कचेरीतून आले की समोर बसून घोकून घ्यायचे. "बाळा" म्हणायचे ते, मी म्हणायचे "बाया". पुन्हा ते "बाळा", पुन्हा मी "बाया". आज सांगताना मला ते सहन होत नाही, पण तेव्हा आम्ही दोघं पाढे म्हणावेत तसं ते महिना-सव्वा महिना म्हणत होतो आणि दोघांच्याही चेहऱ्यावरची रेघ हलत नव्हती.

अखेर ळ आला. एकदा आला तो असा की मास्तर मला म्हणाले, तुझा ळ माझ्यापेक्षा ठसठशीत आहे. मांडीवर घ्यायला पंचाची गुंडाळी केली होती, वर कुंची बांधलेली. ती घेऊन मी न चुकता, न अडखळता पद म्हणायचे. मास्तर इतरांना सांगायचे, बघा, बाई किती संयमाने गाते. संयम कसला? ळ लावून म्हटलं की ते मूल राणीचं व्हायचं. माझा त्याच्याशी काही संबंधच राहायचा नाही. म्हणून तर ते इतकं चांगलं म्हणता येत होतं.

पहिला खेळ धुळ्याला झाला. सासूबाई पुढे बसल्या होत्या. विलापाच्या पदाला मंडप गपगार झाला आणि संपताक्षणी 'वन्स मोअर'चा गलका उठला. संगीत नाटकाचा हा रिवाज ठाऊक नसलेल्यांसाठी सांगते: प्रेक्षकांनी मागितलं की पद पुन्हा म्हणावंच लागतं, मग ते प्रेमाचं असो की मरणाचं. खाली ठेवलेलं मूल राणीने पुन्हा उचलायचं, पुन्हा मांडीवर घ्यायचं आणि त्याला पुन्हा मारायचं. धुळ्याला ते मी तीनदा केलं. दुःख चांगलं वठलं की ते परत करून दाखवावं लागतं, हे मी तिथे शिकले. मास्तर खुशीत विंगेतून बोटं वर करून मोजत होते.

खेळ संपल्यावर कुणी एक म्हातारी माझ्या गालावरून हात फिरवत म्हणाली, "काय गायी व माय! बठ्ठास्ना डोया भरी उनात!" बठ्ठास्ना, म्हणजे सगळ्यांचे. मी मान हलवली. माझे भरले नव्हते. सासूबाईंनी जवळ येऊन माझ्या पापण्यांना बोट लावून बघितलं, जसा धान्याचा ओलेपणा बघतात तसं. कोरड्या होत्या. त्या स्वयंपाकाचं बघायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी एस.टी.ने परतताना यजमानांनी विचारलं, "गाताना तुला रडू आलं का गं?"

"नाही."

"थोडंसुद्धा?"

"नाही आलं."

"बरं," म्हणाले आणि पारोळा येईपर्यंत खिडकीबाहेर कापसाची रानं बघत बसले. मला वाटलं, त्यांना आता माझी भीती वाटायला लागली असावी.

जळगावचा खेळ दुपारचा होता, खास बायकांसाठी. तेव्हा तशी पद्धतच होती. पुरुषांनी बाहेर थांबायचं आणि बायकांनी दुपारचं आवरून, पोरं काखेला मारून, फराळाचे डबे घेऊन यायचं. अशा खेळाला नाटकवाले मनातून भितात. शंभर बायका आणि त्यांची दीडशे पोरं. राजा दरबारात येतो तेव्हा निम्म्या पोरांना तहान लागलेली असते. माहेरहून आई आली होती. एकटी नव्हे, गल्लीतल्या सात-आठ जणींना घेऊन, भुसावळला गाडीत बसून. पुढच्या सतरंजीवर सगळ्या मांडी घालून बसल्या होत्या. मी रंगपटात तोंड रंगवत असताना आई आत आली. माझ्या कपाळावरचा मळवट पाहिला, गळ्यातले खोटे मोती पाहिले.

"त्या गान्यात तुहं पोरगं मरतं म्हने?"

"माझं नाही. राणीचं."

कुंची बांधलेली पंचाची गुंडाळी कोपऱ्यात पडली होती, ती उचलून आईने नीट आडवी ठेवली आणि पुढे जाऊन बसली.

पहिले दोन अंक गोंगाटात पार पडले. तिसऱ्यात वनाचा पडदा लागला. मी गुंडाळी मांडीवर घेतली, पायपेटीने सूर दिला, मी उचलला. 'कुठे शोधू तुला बाळा.' ळ खणखणीत. बायका हळूहळू गप्प झाल्या. पोस्टातले गृहस्थ माझी नणंद होऊन शेजारी उभे होते, पदर ओठाला लावून, शिकवल्याप्रमाणे. पद संपलं, वन्स मोअर आला. दुसऱ्यांदा सुरू केलं.

दुसरं कडवं चालू असताना पुढच्या सतरंज्यांवर एक तान्हं मूल रडायला लागलं. भूक लागल्यावर रडतं तसं, आधी कुरकुर आणि मग एकदम टाहो. त्याची आई माझ्याकडे तोंड उघडं टाकून बघत होती, तिला त्याचं भान नव्हतं. मी तान घेत होते. ती तान अर्धीच राहिली आणि माझ्या तोंडातून निघालं,

"उगा बाया, उगा ऱ्हाय."

सुरात नाही. बोलून गेले. मांडीवरची पंचाची गुंडाळी मी हलवायला लागले होते. बायाला हलवायचे तशी, दोन वेळा पायाने ठेका देऊन.

कुणी हसलं नाही. पुढचं पद मला आठवेना. मास्तर विंगेतून ओळ सांगत होते, ती ऐकू येत होती, पण ती माझ्यासाठी आहे असं वाटत नव्हतं. पायपेटीवाला तोच एक सूर धरून बसला. पुढच्या सतरंजीवरून माझी आई मोठ्याने म्हणाली, "म्हन माय! अजून म्हन त्याले!"

आणि पडदा पडला. अंक संपायला अवकाश होता, देव यायचा होता, बाळ जिवंत व्हायचं होतं. तरी पडदा धाडकन माझ्या पुढ्यात आला. मला वाटलं, माझी अब्रू झाकायला मास्तरांनी पाडायला लावला. तितक्यात मास्तरच कुजबुजत ओरडले, "पडदा कुणी पाडला? वर घ्या!"

पडदा वर गेला नाही. मी गुंडाळी घेऊन उठले आणि विंगेत गेले.

यजमान लाकडी खोक्यावर बसले होते. दोर त्यांच्या हातातून सुटून पायांशी पडला होता. दोन्ही हातांनी त्यांनी तोंड झाकलं होतं आणि त्यांची पाठ हलत होती. आवाज फुटू नये म्हणून ते धडपडत होते आणि आवाज फुटत होता. इतका मोठा माणूस असा रडताना मी आधी कधी पाहिला नव्हता. माझ्याआधी पोस्टातले गृहस्थ तिथे पोचले होते. नणंदेच्या लुगड्यात, दोन्ही हात पसरून ते मंडळीतल्या बाकीच्यांना मागे लोटत होते.

मी काय करावं ते मला कळेना. विचारलं, "पाणी आणू का?"

त्यांनी मान हलवली. मग हातांच्या आतूनच म्हणाले, "मी थांबलो होतो गं."

"कशासाठी?"

"तुझ्यासाठी. तू रडलीस की मग मी रडेन, असं ठरवलं होतं. घरात एकाने तरी उभं राहायला हवं ना. तू रडलीच नाहीस."

रोज संध्याकाळी टोपी लावताना ते माझ्या डोळ्यांत काय शोधत होते ते मला तेव्हा समजलं. सव्वा वर्ष अख्ख्या गणगोताने माझ्या डोळ्यांवर पहारा ठेवला होता. आई, सासूबाई, नळावरच्या बायका. आणि ज्याचा मुलगा गेला त्या माणसाला कुणी एका शब्दाने विचारलं नाही. मीही नाही. मूल गेलं ते माझं गेलं, असंच मी धरून चालले होते. काहीच वाटत नसताना सुद्धा ते मी माझ्या एकटीचं धरलं होतं. याची मला लाज वाटली. सव्वा वर्षात मला वाटलेली ती पहिली गोष्ट.

बाहेर बायकांचा गलका वाढत होता. मास्तर वह्या सावरत आले, यजमानांकडे बघून चपापले, पण खेळाची जबाबदारी त्यांच्यावर होती.

"बाई, पडदा वर घ्यायला हवा," ते हळू आवाजात म्हणाले. "देव केव्हाचा तयार होऊन उभा आहे."

खरंच उभा होता. मागच्या बाजूला, पुठ्ठ्याचा मुकुट घालून, हातात कमळ धरून, भेदरलेला.

मी मास्तरांशी ळ लावून शुद्ध बोलू शकले असते. त्यांनीच शिकवला होता. पण तोंडातून आलं ते माझंच आलं.

"थांबू द्या देवाले. ह्यांचं रडनं होऊ द्या. आमचा बाया गेला."

मास्तर गेले आणि पडद्याबाहेर तोंड काढून बायकांना म्हणाले की पाच मिनिटं लागतील, मुलांना पाणी पाजून घ्या. मी गुंडाळी खाली ठेवली, खोक्यावर यजमानांच्या शेजारी बसले आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. लग्नाला पाच वर्षं झाली होती. चार माणसांत मी त्यांना हात लावला तो पहिल्यांदा.